नाशिककरांनो, नदी सजवताना आणि झाडं लावताना या चुका टाळा

मध्य भारताच्या पट्ट्यात, त्यात आपला महाराष्ट्रही आला, मोठ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. पाऊस एकदम कोसळतो आणि मग मोठी उघडीप. नदी, माती, पाखरं यांना दोन्ही सोसावं लागतं. आणि आपण नेमकं त्याच वेळी सिमेंट ओततो.

घाट बांधला की नदी सुधारली, हा समज. रामकुंडावर पायऱ्या लागणारच, त्याला कोण नाही म्हणतंय? पण सिंहस्थाच्या निमित्ताने नासर्डी, वालदेवीचे काठही बांधून काढायचे कशाला? तळात काँक्रीट पडलं की झरे बुजतात, उन्हाळ्यात डबकं होतं आणि पुरात पाणी जास्त वेगाने खाली धावतं. काठ कच्चाच ठेवा. वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ यांची मुळं माती धरून ठेवतात. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या हद्दीत, भराव टाकताना दिसला तर लगेच लेखी तक्रार करा. एकदा भिंत उभी राहिली की कोणी पाडत नाही.

गवताळ उतार ‘उजाड’ समजून खड्डे मारणं. पांडवलेणीच्या आसपासच्या टेकड्यांवरचं गवत माती अडवतं, चंडोल पक्षी त्यातच घरटं करतो. तिथे गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया, बाहेरदेशातून आलेलं झाड) लावलं की फोटो छान येतो, एवढंच. झाडं हवीतच तर पळस, धावडा, खैर लावा, तीही विरळ. वणव्याची भीती असेल तर हिवाळ्यातच जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढलेला पट्टा, काढून घ्या.

झाड भर पावसाळ्यात पिवळं पडतंय, शेंडा वाळतोय? औषध फवारण्याआधी बुंधा बघा. बहुतेक वेळा पेव्हर ब्लॉक खोडाला भिडलेले असतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितलं होतं. तेच माप इथेही धरा. ब्लॉक हाताने काढा, जेसीबीने मुळं तुटतात. वर पालापाचोळा टाका, जाळू नका.

जलपर्णी काढून काठावरच रचणं. पहिल्या पुरात ती परत पाण्यात जाते आणि खाली नांदूर मधमेश्वरकडे निघते. तेच २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. मुळात ती पोसली जाते सांडपाण्यावर. त्यामुळे नाला नदीला कुठे मिळतो ते ठिकाण फोटोसह महापालिकेच्या विभागीय कार्यालयात आधी नोंदवा, जलपर्णीची तक्रार त्यानंतर.