घरी वर्तनथेरपी करताना ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांनी या चुका टाळा

"सेंटरवर सगळं करतो, घरी मात्र ऐकत नाही." ऑटिझम असलेल्या मुलांचे पालक हे वाक्य थेरपिस्टला हमखास ऐकवतात आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. आठवड्याला तीन तास थेरपी घेणारं चार वर्षांचं मूल उरलेले ऐंशी-पंच्याऐंशी जागे तास इतर माणसांत घालवतं. तिथे सूचना वेगळ्या शब्दांत येतात, बक्षीस उशिरा मिळतं आणि रडण्याचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. मूल हट्टी आहे किंवा आईबाबांना धीर नाही, असं समजायची घाई करू नका. वागण्याच्या आधीचे आणि नंतरचे काही सेकंद घरातली मोठी माणसं कशी हाताळतात, गोम बहुतेक वेळा तिथे असते.

वागणं दिसलं, कारण पाहिलंच नाही

मुलाने जेवताना ताट फेकलं. आई फोनवर होती आणि ताट पडताच धावत आली, तर त्याला आईचं लक्ष मिळालं. ताटात नको असलेली भाजी होती आणि ताट पडल्यावर जेवण संपलं, तर त्याची सुटका झाली. शांत करायला मोबाइल हातात दिला, तर हवी ती वस्तू मिळाली. कोणी बघत नसतानाही तो ताट आपटत असेल, तर त्याला स्टीलचा तो खणखणाट आवडत असावा. लक्ष, सुटका, वस्तू आणि संवेदना ही वागण्यामागची चार मुख्य कारणं. ताट एकच, पण उत्तरं चार.

इथे होणारी चूक म्हणजे चारही वेळा एकच उपाय करणं. भाजी टाळण्यासाठी ताट फेकणाऱ्या मुलाला शिक्षा म्हणून दुसऱ्या खोलीत नेलं, की त्याला हवं तेच मिळतं. दुसऱ्या दिवशी ताट आणखी लवकर उडतं आणि घरचे म्हणतात, "शिक्षेचाही उपयोग होत नाही."

म्हणून आधी वही घ्या. एकच वागणं निवडा आणि पाच ते सात दिवस चार रकाने भरा: वेळ, लगेच आधी काय घडलं, मुलाने काय केलं, लगेच नंतर कोणी काय केलं. "चिडला", "नाटक केलं" असे शब्द लिहू नका. "ताट ढकललं, दोन मिनिटं ओरडला, आजीने बिस्कीट दिलं" असं लिहा. कॅमेऱ्याला दिसेल तेवढंच वहीत येऊ द्या. दहा-बारा नोंदी झाल्या की चौथ्या रकान्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसू लागते, आणि कारण सहसा तिथेच सापडतं.

कारण कळलं की तेच मिळवण्याचा सोपा, चालण्यासारखा मार्ग शिकवायचा. कार आणि ड्युरँड या संशोधकांनी 1985 मध्ये हे दाखवून दिलं: लक्ष किंवा मदत मागायला शिकवल्यावर मुलांचं त्रासदायक वागणं कमी झालं. ताट फेकण्याऐवजी "बस" असं चित्र असलेलं कार्ड देणं, हाताने "नको" दाखवणं किंवा तोंडाने "नको" म्हणणं चालेल. नवा मार्ग जुन्यापेक्षा कमी कष्टाचा आणि लवकर फळ देणारा हवा. पहिले काही दिवस मुलाने "नको" दाखवलं की ताट लगेच, प्रत्येक वेळी बाजूला घ्या. इथेच पालकांचा पाय अडतो. मूल पहिल्यांदा नीट "नको" म्हणतं आणि आई म्हणते, "शहाणा माझा बाळ, पण अजून दोन घास." कार्ड चालत नाही आणि ताट चालतं, हे त्याच्या तेव्हाच ध्यानात येतं. "एक घास, मग बस" ही पायरी नंतरची. कार्ड पक्कं झाल्यावरच ती आणा.

दुर्लक्ष करण्यातला गोंधळ

"रडला तर लक्ष देऊ नका" हा सल्ला सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो कोणत्या कारणासाठी आहे हे सांगितलेलं नसतं. लक्ष वेधण्यासाठी केलेल्या वागण्यालाच तो लागू पडतो. प्रेशर कुकरची शिट्टी, मिक्सर, विसर्जन मिरवणुकीतले ढोल-ताशे यांनी घाबरून कान झाकणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष केलं, तर तुम्ही त्याला भीतीसोबत एकटं सोडता. तिथे आवाज कमी करा, कान झाकणारे हेडफोन द्या, नाहीतर तिथून बाहेर पडा. मेल्टडाउनमध्येही तसंच. ताण असह्य होऊन कोलमडलेलं मूल सौदेबाजी करत नसतं. त्या वेळी दिवे मंद करा, बोलणं दोन-तीन शब्दांवर आणा, आसपासची माणसं हटवा आणि कुठलीही सूचना देऊ नका. शिकवणं दुसऱ्या दिवशी.

जिथे दुर्लक्ष खरंच योग्य आहे, तिथेही पहिले काही दिवस रडणं वाढतं, अधिक जोरात आणि अधिक वेळ. आधी चालणारी गोष्ट चालेनाशी झाली की मूल ती जास्त ताकदीने करून बघतं, आपण लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबतो तसंच. नेमक्या या टोकाला घरात कोणीतरी विरघळतं. दहा मिनिटं रडू दिलं आणि अकराव्या मिनिटाला मोबाइल दिला, तर अकरा मिनिटं रडावं लागतं हा धडा मुलाला मिळाला. कधी मिळतो, कधी नाही, असं झालं तर आणखी कठीण, कारण अधूनमधून फळ देणारी सवय सगळ्यात चिवट असते.

म्हणून सुरू करण्याआधी घरातल्या सगळ्यांसोबत बसा. आजी-आजोबांना "तुम्ही लाड करता" म्हणून दोष दिला, तर ते साथ देणार नाहीत. त्यांना करण्यासारखं काम द्या: "तो तुमचा हात धरून फडताळाकडे ओढेल, तेव्हा बिस्किटाचं चित्र दाखवायला लावा आणि लगेच बिस्कीट द्या." आजीच्या हातून बिस्कीट जातंच, फक्त रडण्यावर जात नाही. आठवडाभर सगळ्यांना एकसारखं जमणार नसेल, पाहुणे येणार असतील किंवा परीक्षा असेल, तर सुरुवात पुढे ढकला. अर्ध्यात सोडण्यापेक्षा उशिरा सुरू करणं बरं.

डोकं आपटणं, स्वतःला किंवा दुसऱ्याला चावणं, रस्त्याकडे पळणं, माती-कागद खाणं या गोष्टींना घरच्या घरी दुर्लक्षाचा उपाय कधीच करू नका. आधी मुलाला सुरक्षित करा आणि पुढची योजना तज्ज्ञासोबत बसून ठरवा.

बक्षीस, लाच आणि उशीर

मुलाने ग्लास टेबलावर ठेवला. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तोवर मुलाने खुर्ची ढकलली होती, आणि कुरमुरे हातात पडले ते खुर्ची ढकलल्यावर. बक्षीस दोन-तीन सेकंदांत पोचायला हवं, म्हणून ते आधीच खिशात किंवा छोट्या डबीत ठेवा. प्रमाण लहानच ठेवा: दोन कुरमुरे, मनुकेचा एक दाणा, साबणाच्या फुग्यांची एक फुंकर, दहा सेकंद गुदगुल्या. अख्खं बिस्कीट दिलंत तर तिसऱ्या प्रयत्नाला पोट भरतं आणि काम संपतं. "गुड बॉय" म्हणण्याऐवजी काय केलं ते सांगा: "ग्लास टेबलावर ठेवलास!"

बक्षीस म्हणजे लाच, ही शंका आजोबांकडून हमखास येते. फरक वेळेचा आहे. काम सुरू होण्याआधी ठरलेलं आणि काम झाल्यावर दिलेलं ते बक्षीस. ओरडा सुरू झाल्यावर "गप्प बसलास तर चॉकलेट देते" म्हटलं की ती लाच. लाच ओरडण्याला पगार देते.

मुलाला काय आवडतं हे मनाने ठरवू नका. रोज कामाला बसण्याआधी पाच-सहा वस्तू समोर मांडा आणि पहिल्यांदा कशाला हात लागतो ते बघा. कालचा भोवरा आज नको असू शकतो. दिवसभर हातात असलेला मोबाइल बक्षीस म्हणून चालत नाही, म्हणून एखादी आवडती वस्तू फक्त या कामासाठी बाजूला काढून ठेवा. कौशल्य जमू लागलं की प्रत्येक वेळेऐवजी दर दोन-तीन वेळेला द्या. बक्षिसाच्या तक्त्यावर मिळवलेला तारा नंतरच्या चुकीसाठी परत घेऊ नका, नाहीतर तक्त्यावरचा विश्वासच उडतो.

एकच सूचना आठ वेळा

"शर्ट घाल. अरे शर्ट घाल ना. घालतोस की नाही?" अशाने मूल आठव्या वेळेपर्यंत थांबायला शिकतं. एकदा सांगा. मनात पाचपर्यंत मोजा. हे पाच सेकंद फार लांब वाटतात, पण ऐकलेलं समजून हात हलवायला काही मुलांना तेवढा वेळ लागतो. मग शब्द न वाढवता बोटाने दाखवा. तरी झालं नाही तर मागून कोपराला हलका आधार द्या. मुलाने हात मागे घेतला तर सोडून द्या. जबरदस्तीने हात चालवणं ही मदत नव्हे. तोंडी आठवण करून देण्याची सवय मोडायला सर्वांत कठीण असते. हाताची आणि बोटाची मदत हळूहळू कमी करता येते, पण "आता काय करायचं?" ऐकल्याशिवाय ब्रश न उचलणारी मुलं वर्षानुवर्षं तशीच राहतात.

कपडे घालायला शिकवताना शेवटच्या पायरीपासून मागे या. टी-शर्ट डोक्यातून आणि दोन्ही हातांतून घालून छातीपर्यंत आणा आणि फक्त खाली ओढायचं काम मुलाचं. जमलं की लगेच कौतुक. सलग तीन दिवस पाचपैकी चार वेळा मदतीविना झालं की टी-शर्ट काखेपर्यंतच आणा, पुढे एक हात मुलालाच घालू द्या. या क्रमात प्रत्येक वेळी काम मुलाच्या हातून पूर्ण होतं.

मराठी घरांत आणखी एक घोळ असतो. "आंघोळीला जायचं का?" हा आपल्यासाठी आदेश असतो, मुलासाठी तो प्रश्न असतो, आणि "नाही" हे त्याचं बरोबर उत्तर असतं. पर्याय नसेल तिथे "आंघोळीची वेळ" असं सरळ म्हणा. पर्याय असेल तिथेच विचारा: "लाल टॉवेल की निळा?" ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणारी मुलं पाणी मागताना "तुला पाणी हवं?" म्हणतात, कारण पाणी देताना आई तेच म्हणते. अशा मुलासमोर ग्लास धरून "पाणी हवं" एवढंच म्हणा आणि पाणी द्या.

सेंटरवर इंग्रजी वापरतात म्हणून घरी मराठी बंद करण्याचा सल्ला अजून मिळतो. दोन भाषांत वाढल्याने ऑटिझम असलेल्या मुलांच्या भाषेचं नुकसान होतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. आजीशी बोलायची भाषा काढून घेण्यात मात्र नुकसान नक्की आहे. थेरपिस्टकडून शिकवले जाणारे वीस-पंचवीस शब्द लिहून घ्या आणि त्यांचे मराठी जोडीदार घरात सगळ्यांनी एकच ठरवा. कोणी "दे", कोणी "देतोस का", कोणी "आण बघू", असं सुरुवातीला नको.

चुकीचं ध्येय

डोळ्यांत बघायला लावणं, हात फडफडवणं थांबवणं, "हात शांत" म्हणून बसवून ठेवणं या गोष्टींवर घरचा वेळ घालवू नका. हात फडफडवण्यासारख्या पुन्हा पुन्हा केल्या जाणाऱ्या हालचालींनी (स्टिमिंग) कोणाला इजा होत नसेल तर त्या राहू द्या, बरीच मुलं त्यांनीच स्वतःला सावरतात. असं दाबून टाकणं किती त्रासाचं होतं, हे अनेक ऑटिस्टिक प्रौढांनी स्वतः सांगितलं आहे. मागता येणं, नाही म्हणता येणं, शौचाला जाणं, रस्त्यावर हात धरणं ही कामं आधी घ्या. एका वेळी दोन ध्येयं पुरेत. वर्तनथेरपीच्या सुरुवातीच्या काळात शिक्षा वापरल्या गेल्या. आज कोणी मारण्याचा, उपाशी ठेवण्याचा किंवा कोंडून ठेवण्याचा सल्ला देत असेल, तर थेरपिस्ट बदला.

मानसशास्त्रज्ञ लोवास यांच्या 1987 च्या अभ्यासातले थेरपीचे आठवड्याचे 40 तास अनेक पालकांच्या डोक्यात बसलेले असतात आणि मग घराचा वर्ग होतो. मूल टेबल दिसताच पळतं. आंघोळ, खाणं, पायऱ्या चढणं, दुकानात जाणं यांतच पाच-पाच मिनिटांचे चार-पाच तुकडे काढा. पालक हे करू शकतात, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीत 2 ते 9 वर्षांच्या 65 मुलांसोबत झालेला, 2016 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलासोबतच्या खेळाचे त्यांचेच व्हिडिओ दाखवून शिकवलं, आणि पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद सुधारला. तुम्हीही मोबाइल शेल्फवर टेकवून पाच मिनिटं खेळ चित्रित करा. नंतर बघताना मोजा: मी किती सूचना दिल्या, किती वेळा थांबून वाट पाहिली, मुलाने दाखवलेल्या गोष्टीकडे किती वेळा वळलो.

"सेंटरवर करतो, घरी नाही" हेही इथेच सुटतं. सेंटरवर जमलेली गोष्ट घरी आणताना एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी तीच वस्तू आणि तेच शब्द, फक्त माणूस नवा. मग जागा. मग वस्तू. चारही एकदम बदलल्या तर ते मुलासाठी नवंच काम असतं.

अचानक बिघडलं तर

आठवडाभरात वागणं एकदम बदललं, झोप उडाली, मूल पोट दाबू लागलं किंवा गालावर मारू लागलं, तर तक्ते बाजूला ठेवा. बद्धकोष्ठता, दातदुखी, कानाचा संसर्ग ही नेहमीची कारणं, आणि बोलता न येणारं मूल ती वागण्यातूनच सांगतं. आधी बालरोगतज्ज्ञ, मग थेरपिस्ट. जवळ थेरपिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात चौकशी करा. जाताना वहीची आठवड्याची पानं, एक-एक मिनिटाचे दोन व्हिडिओ (एक जमल्याचा, एक बिनसल्याचा) आणि घरात सगळे वापरत असलेल्या शब्दांची यादी सोबत न्या.