चॅटबॉट सर्वंकष बुद्धिमत्तेच्या किती जवळ आलाय? घरच्या घरी पारखण्याची पद्धत

आधी कोणती व्याख्या धरायची ते ठरवा आणि कागदावर लिहून ठेवा. ‘एजीआय’ म्हणजे सर्वंकष बुद्धिमत्ता, माणसासारखी सगळ्या प्रकारच्या कामांत चालणारी यंत्राची बुद्धी, पण तिचा नेमका अर्थ जो तो वेगळा लावतो. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या सनदेत आर्थिक मोल असलेल्या बहुतेक कामांत माणसाला मागे टाकणाऱ्या, बऱ्याच अंशी स्वायत्त यंत्रणांना एजीआय म्हटलंय. गूगल डीपमाइंडच्या संशोधकांनी २०२३ मध्ये पाच पायऱ्या मांडल्या आणि त्या वेळच्या चॅटबॉटना पहिल्या पायरीवर ठेवलं. एआय संशोधक फ्रांस्वा शोले यांची २०१९ ची मांडणी निराळी आहे: किती येतं यापेक्षा, अगदी नवी गोष्ट थोड्याशा उदाहरणांवरून किती लवकर शिकता येते यावर बुद्धी मोजावी. घरी पारखायला हीच तिसरी व्याख्या सर्वांत सोयीची, आणि आमच्या मते सर्वांत प्रामाणिकही.

‘अगदी माणसासारखं बोलतो’ हा निकष मात्र सोडून द्या. गणितज्ञ अॅलन ट्युरिंग यांनी १९५० मध्ये संवादाची कसोटी सुचवली होती. पण १९६६ मध्येच संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांच्या ‘एलायझा’ या साध्या प्रोग्रामशी लोक मन मोकळं करू लागले, आणि त्या प्रोग्रामला बोलण्याचा अर्थ काडीचाही कळत नव्हता. भाषा छान आली की समज आली असं आपण आपोआप धरतो. तपासणाऱ्याने सगळ्यात आधी ही सवय मोडायला हवी.

तयारी

मॉडेलचं, म्हणजे चॅटबॉटमागच्या प्रोग्रामचं, पूर्ण नाव, तारीख आणि ‘विचार करणारा’ (उत्तराआधी पायरी-पायरीने विचार मांडणारा) प्रकार चालू आहे की बंद, हे टिपून घ्या. एकाच कंपनीच्या जलद आणि सावकाश विचार करणाऱ्या मॉडेलमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. मेमरी (आधीच्या गप्पांतलं लक्षात ठेवण्याची सोय) बंद करा, वेबशोध बंद करा, कोड चालवण्याची सोय असेल तर तीही बंद करा. तुमच्या गप्पा प्रशिक्षणासाठी वापरू नयेत असा पर्याय सेटिंगमध्ये असेल तर तो निवडा, नाहीतर तुमचेच प्रश्न पुढच्या मॉडेलला पाठ होऊन बसतील. तयार केलेले प्रश्न इंटरनेटवर टाकायचे नाहीत, तेही याच कारणासाठी.

प्रत्येक प्रश्न पाच वेळा विचारायचा आणि दर वेळी नवीन चॅट उघडायची. उत्तर निवडताना मॉडेल शक्यतांमधून काही अंशी चिठ्ठी काढल्यासारखी निवड करतं, त्यामुळे त्याच प्रश्नाला कधी बरोबर तर कधी चूक उत्तर येतं. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. पाचपैकी किती बरोबर, एवढंच वहीत लिहा. तेच प्रश्न आठवी-नववीतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीलाही सोडवायला द्या. माणसाचा आकडा शेजारी नसेल तर यंत्राच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

पहिली कसोटी: ओळखीचं कोडं, पण फिरवलेलं

वाघ, शेळी आणि गवताचं कोडं सगळ्यांना ठाऊक आहे. नावेत माणसाबरोबर एकच गोष्ट मावते, सगळं पलीकडे न्यायचंय. आता नियम बदला: या गावचा वाघ फक्त गवत खातो, शेळीला हातही लावत नाही, आणि शेळी गवताला तोंड लावत नाही. मूळ कोड्यात सात फेऱ्या लागतात आणि पहिली फेरी शेळीची असते. बदललेल्या कोड्यात पाच पुरतात: वाघ नेला, रिकामे परत, शेळी नेली, रिकामे परत, गवत नेलं. शेळी आणि गवताचा क्रम उलटा करून चालणार नाही, कारण मग वाघ आणि गवत पलीकडे एकटे राहतील.

उत्तरात सर्वांत आधी पहिली फेरी पाहा. शेळीपासून सुरुवात केली असेल तर अलीकडे वाघ आणि गवत एकत्र राहिले, म्हणजे गवत संपलं. मॉडेलने तुमचा प्रश्न न वाचता पाठ असलेलं उत्तर म्हटलं, याचा हा धडधडीत पुरावा. फेऱ्या सात सांगितल्या पण क्रम चालणारा असेल, तर अर्धा गुण द्या. विचार करणारी मॉडेल इथे बऱ्याचदा तरतात. मग आणखी एक नियम फिरवा, उदाहरणार्थ नावेत दोन गोष्टी मावतात पण शेळी गवताबरोबर नावेत बसत नाही. कोणत्या बदलाला गाडं अडतं ती जागा शोधा. एका बरोबर उत्तरापेक्षा ती जागा जास्त सांगून जाते.

दुसरी कसोटी: गणितात फालतू तपशील

‘७ पेट्या आंबे आणले, प्रत्येक पेटीत ४ डझन. त्यातले ११ आंबे बाकीच्यांपेक्षा जरा लहान होते. एकूण आंबे किती?’ उत्तर ३३६. ३२५ आलं तर मॉडेलने ‘लहान’ हा शब्द पाहून ११ वजा केले. अॅपलच्या संशोधकांनी २०२४ मध्ये शालेय गणितांत अशीच निरुपयोगी वाक्यं घालून पाहिली होती, आणि त्या वेळच्या मॉडेलांचे गुण बरेच घसरले. कारण सरळ आहे: शाळेच्या पुस्तकातल्या गणितात दिलेला जवळजवळ प्रत्येक आकडा वापरायचाच असतो, आणि मॉडेलने तीच सवय उचलली आहे. हेच गणित फक्त आकडे बदलून दहा प्रकारे लिहा. आठ बरोबर आणि दोन चूक आले तर रीत पक्की बसलेली नाही, असं समजा.

तिसरी कसोटी: अक्षरं सरकवणे

वर्णमालेतली व्यंजनं क पासून ळ पर्यंत घ्या. क्ष आणि ज्ञ सोडा. प्रत्येक अक्षर दोन घरं पुढे न्या आणि ळ नंतर पुन्हा क धरा. ‘नगर’चं ‘फङव’ होतं, ‘बदक’चं ‘मनग’, आणि ‘कमळ’चं ‘गरख’. पहिली दोन उदाहरणं द्या आणि तिसरं विचारा. मग उलटं करायला सांगा. इंग्रजीत तेरा घरं सरकवण्याची पद्धत इंटरनेटवर ढिगाने सापडते, म्हणून मॉडेलला ती जमते; दोन घरांची तुलनेने कमी दिसते, म्हणून तिथे चुका वाढतात. नियम तोच असताना फक्त ओळखीमुळे एवढा फरक पडावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

इथे एक घोळ मात्र होतो. मॉडेलला अक्षरं दिसत नाहीत, मजकुराचे तुकडे दिसतात, ज्यांना टोकन म्हणतात. मराठीत हे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त आणि वेडेवाकडे पडतात. त्यामुळे चूक आली तर लगेच बुद्धीला दोष देऊ नका. तोच प्रश्न ‘क, म, ळ’ असा सुटा लिहून पुन्हा विचारा. सुटा लिहिल्यावर सुधारला तर अडचण दिसण्याची होती. तरीही चुकला तर नियम पाळण्याची. हीच तुलना एकदा इंग्रजीतही करा, म्हणजे भाषेचा तोटा वेगळा काढता येतो.

चौथी कसोटी: न पाहिलेला नियम

पाच बाय पाच चौकटीत ० आणि १ भरा, एक छुपा नियम ठरवा (समजा, सर्वांत लांब आडवी ओळ उभी होते), तीन जोड्या दाखवा, चौथी सोडवायला द्या. शोले यांची ‘एआरसी’ चाचणी याच धाटणीची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ओपनएआयच्या ओथ्री मॉडेलने त्यात ७५.७ टक्के मिळवले, आणि गणनक्षमता भरमसाट वापरून ८७.५. मार्च २०२५ मध्ये चाचणीची दुसरी, अवघड आवृत्ती आली तेव्हा त्या वेळच्या मॉडेलांचे गुण एकआकडी टक्क्यांवर होते, आणि त्यातलं प्रत्येक कोडं किमान दोन माणसांनी सोडवलेलं होतं. प्रगती खरी आहे, पण तिला नवं मैदान दिलं की काय होतं तेही यातून दिसतं.

पाचवी कसोटी: लांब काम आणि दबाव

चाळीस-पन्नास पायऱ्यांचं काम द्या: एखाद्या सोसायटीचा वर्षभराचा जमाखर्च महिन्यामागून महिना जुळवणं, मध्येच दोन नोंदी दुरुस्त करणं. प्रत्येक पायरी ९८ टक्के बरोबर असली तरी पन्नास पायऱ्या सलग बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३६ टक्केच उरते. म्हणून छोट्या प्रश्नांत हुशार वाटणारं मॉडेल मोठ्या कामात कोसळतं. एआय मॉडेल तपासणाऱ्या मेटर या संस्थेने मार्च २०२५ मध्ये दाखवलं की मॉडेलना निम्म्या वेळा जमणाऱ्या कामांची लांबी (माणसाला लागणाऱ्या वेळात मोजलेली) साधारण दर सात महिन्यांनी दुप्पट होत आलीय. म्हणजे आजचं अपयश कायमचं समजू नये.

बरोबर उत्तर आल्यावर ‘नक्की? मला तर हे चुकीचं वाटतं’ एवढंच लिहून पाहा. जे मॉडेल माफी मागून बरोबर उत्तर सोडतं, त्याला ते उत्तर का बरोबर आहे हे माहीत नव्हतं, असंच धरा.

सहावी कसोटी: उद्या आठवतं का?

हिच्यावर सर्वांत जास्त वेळ द्या. एका चॅटमध्ये नवा पत्त्यांचा खेळ शिकवा, तुम्हीच रचलेला, आठ-दहा नियमांचा. दोन डाव खेळा, चुका दाखवा. त्या चॅटमध्ये चॅटबॉट सुधारत जाईल. मग मेमरी बंद ठेवून नवी चॅट उघडा: पाटी कोरी. मॉडेलचं वजन म्हणून ओळखले जाणारे आतले आकडे प्रशिक्षण संपल्यावर तुमच्या गप्पांनी बदलत नाहीत. मेमरी चालू केली तरी बहुधा काही टिपणं काढून पुढच्या चॅटच्या सुरुवातीला जोडली जातात, त्या टिपणांवरून खेळातलं कसब येत नाही. दहा डाव खेळलेलं पोर अकराव्या डावाला वेगळं खेळतं, आणि आजच्या चॅटबॉटमध्ये नेमकं तेच नाही. आम्हाला तरी सर्वंकष बुद्धिमत्तेपासूनचं सर्वांत मोठं अंतर इथेच दिसतं, गणितात किंवा भाषेत नव्हे. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये गूगल डीपमाइंडच्या मॉडेलने सहापैकी पाच प्रश्न सोडवून सुवर्णपदकाच्या पातळीचे ३५ गुण मिळवले, तरी हे अंतर तसंच राहिलं.

वही वाचताना

सगळ्या कसोट्यांची सरासरी काढू नका. सर्वांत कमी गुण कुठे आहेत ते पाहा, आणि माणसाचा त्याच कसोटीतला आकडा शेजारी ठेवा. एका कामात पाचपैकी पाच आणि दुसऱ्या सोप्या कामात शून्य, ही खाचखळग्यांची रेघ माणसात सहसा दिसत नाही. तीन महिन्यांनी नवीन मॉडेल आलं की आकडे, नावं आणि नियम बदलून सगळं पुन्हा घ्या. जुने प्रश्न तसेच वापरले तर सुधारणा झाली की पाठांतर वाढलं, हे कळणार नाही.