प्लेटा बसल्या, पण वाढीव जोडणी अजून यायची आहे

सौर कमिशनिंगच्या, म्हणजे बसवलेली सौर यंत्रणा तपासून सुरू करून देण्याच्या, कामात नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एक प्रसंग लवकरच भेटतो. छतावर पॅनल चढलेले असतात, पॅनलच्या डीसी विजेची घरात चालणारी एसी वीज करणारा इन्व्हर्टर भिंतीवर असतो, केबल ओढून झालेल्या असतात, आणि विजेची जोडणी मात्र जुनीच असते. मंजूर भार वाढायचा असतो, सिंगल फेजची थ्री फेज व्हायची असते, किंवा नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा) यायचा असतो. घरांच्या छतावरच्या सौर यंत्रणेला अनुदान देणारी पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्यापासून हे जास्तच दिसतं. त्याच महिन्यात वीज ग्राहक हक्क नियमांत बदल झाला आणि १० किलोवॉटपर्यंतचे अर्ज तांत्रिक तपासणीच्या अभ्यासाशिवाय मान्य धरले जाऊ लागले. लागणारी भारवाढही त्यातच होते. कागद असा वेगाने पुढे जातो, पण खांबापासून नवी सर्व्हिस वायर ओढायला माणसं आणि साहित्य लागतंच. हा मधला काळ कसा वापरायचा, यावर कमिशनिंग करणाऱ्याची पारख होते, असं माझं मत आहे.

सांगली जिल्ह्यातल्या एका वस्तीवरचं काम उदाहरणादाखल सांगतो. ५४० वॉटचे दहा पॅनल, एकच स्ट्रिंग (एकामागे एक जोडलेल्या पॅनलची माळ), ५ किलोवॉटचा थ्री फेज इन्व्हर्टर. घराची जोडणी सिंगल फेज, मंजूर भार २ किलोवॉट, आणि खांब घरापासून सुमारे ६० मीटर लांब. घरमालक आबा पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरा, प्लेटा बसल्या न्हवं? मग चालू कर की." त्यांची घाई समजण्यासारखी होती. कर्ज काढलेलं, ऊन फुकट जाताना दिसत होतं. अशा वेळी "अजून परवानगी नाही" एवढंच सांगून भागत नाही. कारण समजावून सांगावं लागतं, आणि त्यासाठी ते आपल्याला नीट माहीत असावं लागतं.

पहिलं कारण मीटरचं. जुने बरेच इलेक्ट्रॉनिक मीटर वीज कोणत्या दिशेने गेली हे पाहत नाहीत. चोरी रोखण्यासाठी ते असे बसवलेले असतात की उलटी गेलेली वीजही वापर म्हणूनच नोंदली जाते. आपल्याकडे एक किलोवॉटमागे दिवसाला साधारण ४ युनिट धरतात, म्हणजे ५ किलोवॉटला २० युनिट. घरात दिवसा ५ युनिट वापरले तर १५ युनिट बाहेर जातात, आणि त्या पंधरांचं बिल घरमालकाच्याच नावावर चढतं. हा हिशोब मी आबांना वहीत मांडून दाखवला. त्यानंतर त्यांनी घाई केली नाही.

दुसरं कारण इन्व्हर्टरचं. थ्री फेज इन्व्हर्टरला तिन्ही फेज लागतात आणि त्यांच्यात १२० अंशांचं अंतरही लागतं. एकच फेज तिन्ही टर्मिनलना जोडून 'तात्पुरतं' चालवण्याचा सल्ला साइटवर कुणीतरी देतोच. तो ऐकू नका. इन्व्हर्टर सुरू होत नाही आणि वॉरंटीचा प्रश्न मात्र उभा राहतो.

मग काय करता येतं? डीसी बाजूचं, म्हणजे पॅनलपासून इन्व्हर्टरपर्यंतचं, जवळजवळ सगळं. माझ्या अनुभवात नव्या माणसाला शिकायला यासारखी संधी नाही, कारण एरवी संध्याकाळच्या आत 'चालू' दाखवायची घाई असते आणि चाचण्या उरकल्या जातात.

आधी अर्थिंगची सलगता बघा: प्रत्येक फ्रेम, रेल आणि स्ट्रक्चर एकमेकांशी खरंच जोडलेलं आहे का. मग अर्थ पिटचा, म्हणजे अर्थिंगसाठी जमिनीत केलेल्या खड्ड्याचा, रोध. आम्ही तो ५ ओहमच्या आत आणतो. वस्तीवरच्या कोरड्या मुरमात एका पिटने ते साधत नाही, दुसरा पिट घेऊन दोन्ही जोडावे लागतात. त्यानंतर ध्रुवता. धन-ऋण उलट झालेली स्ट्रिंग मल्टिमीटर लावल्यावर लगेच दिसते, पण तो स्ट्रिंग इन्व्हर्टरला जोडण्याआधी लावायचा असतो.

आता ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे स्ट्रिंगला काही न जोडता मोजलेलं, आणि इथे थोडं थांबून समजून घ्या. आमच्या पॅनलचं व्होल्टेज कागदावर ४९.५ होतं, म्हणजे दहांचं ४९५. दुपारी मीटरवर ४४८ दिसलं. सोबतच्या मुलीने हिशोब केला आणि म्हणाली, "दादा, एक पॅनल जोडायचं राहिलंय, नऊचं ४४५ होतं." हिशोब बरोबर होता, पण कागदावरचा आकडा २५ अंशांचा असतो. पॅनलच्या पाठीला थर्मामीटर लावला तर ६० अंश. दर अंशाला ०.२७ टक्के घट धरली तर ३५ अंशांत सुमारे साडेनऊ टक्के, आणि ४९५ चे बरोबर ४४८ होतात. दहाही पॅनल जोडलेले होते. खरंच एक राहिलं असतं, तर त्या उन्हात ४०३ च्या आसपास दिसलं असतं. म्हणून व्होल्टेजसोबत तापमान लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण मानू नका.

मग मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासणारं यंत्र. स्ट्रिंगचं व्होल्टेज सव्वापट केलं तर आमचं ५०० च्या वर जात होतं, म्हणून १००० व्होल्टची चाचणी. निदान १ मेगाओहम मिळायला हवा. चांगल्या कामात त्याच्या कितीतरी पट मिळतो. मेगर लावण्यापूर्वी इन्व्हर्टर आणि एसपीडी (व्होल्टेजच्या अचानक लाटेपासून वाचवणारं उपकरण) दोन्ही सोडवून घ्या. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर हीच चाचणी पुन्हा करा. सोललेली केबल आणि अर्धवट दाबलेला कनेक्टर कोरड्या दिवशी लपून राहतात, ओल्या दिवशी उघडे पडतात. जोडणीची वाट पाहण्याचा हा मोठा फायदा आहे, तो सोडू नका.

एक गोष्ट जिवाची. पॅनलवर ऊन आहे तोवर डीसी तारा जिवंत आहेत, मग ग्रिड, म्हणजे वीज कंपनीचा पुरवठा, असो वा नसो. करंट वाहत असताना एमसीफोर (पॅनलच्या तारा जोडणारा) कनेक्टर ओढायचा नाही. एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो, डीसी जात नाही, त्यामुळे डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही.

हे सगळं झाल्यावर डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनल आणि इन्व्हर्टर यांच्यामधला स्विच, चालू करून बघा. बरेच इन्व्हर्टर डीसीवरच जागे होतात आणि ग्रिड नसल्याची त्रुटी दाखवतात. त्या अवस्थेत स्ट्रिंगचं व्होल्टेज स्क्रीनवर वाचता येतं, देश आणि ग्रिड नियमांची निवड करता येते, वायफाय जोडता येतं. मग आयसोलेटर बंद करून कुलूप, वर पाटी. पॅनल काही आठवडे उघड्या सर्किटवर राहिले तरी बिघडत नाहीत. लोंबणाऱ्या केबल आणि उघड्या ग्लँड (केबल आत जाण्याची तोंडं) मात्र बिघडवतात, कारण उंदरांना वाट मिळते.

जुनी जोडणी आणि इन्व्हर्टर दोन्ही सिंगल फेज असतील, तर शून्य निर्यातीचा पर्याय पुढे येतो. मुख्य तारेवर सीटी (करंट मोजणारी कडी) बसवायचा आणि घराच्या वापराएवढीच निर्मिती ठेवायची. तरीही इन्व्हर्टर ग्रिडला समांतरच चालतो, म्हणून वीज कंपनीचं लेखी उत्तर हातात नसेल तर मी तो सुरू करत नाही. उत्तर असेल तर सीटीवरचा बाण तपासा. तो उलटा बसला तर इन्व्हर्टर घराचा वापर निर्यात समजतो आणि निर्यात वापर, आणि हवं त्याच्या नेमकं उलट करतो. इस्त्री लावून-बंद करून निर्मिती तशीच वर-खाली होते का पाहिलं की खात्री पटते.

आबांकडे थ्री फेज का मागितली, हेही सांगायला हवं, कारण ५ किलोवॉट सिंगल फेजवरही बसलं असतं. अडचण त्या ६० मीटरची होती. १० चौरस मिलिमीटर अॅल्युमिनियमच्या तारेला किलोमीटरमागे सुमारे ३.०८ ओहम रोध असतो. सिंगल फेजवर जवळपास २१.७ अँपिअर जाऊन-येऊन १२० मीटर फिरतात, म्हणजे ८ व्होल्टची वाढ. दुपारी खांबावर २४५ असले तर इन्व्हर्टरपाशी २५३ होतात, आणि नियमानुसार २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे याच २५३ वर, इन्व्हर्टर बंद पडायला हवा. ऐन उन्हात रोज बंद पडणारी यंत्रणा कोणाला परवडेल? तेच तीन फेजवर वाटलं तर प्रत्येकी सव्वासात अँपिअर, न्यूट्रलमध्ये जवळजवळ काही नाही, आणि वाढ दीड व्होल्टच्याही आत. हे गणित साइट पाहायला जातानाच करायचं असतं. मुलाखतीत मी नव्या मुलांना तेच विचारतो.

नवी जोडणी आली की सुरुवात न्यूट्रलपासून करा. घरातली उपकरणं आता तीन फेजवर वाटली जातात. न्यूट्रल सैल राहिला तर एखाद्या फेजवर व्होल्टेज ४०० कडे चढतं आणि टीव्ही, फ्रिज जळतात. स्क्रू स्वतःच्या हाताने आवळून पाहा. प्रत्येक फेज ते न्यूट्रल आणि फेज ते फेज व्होल्टेज लिहून घ्या. मग पुस्तिकेतल्या क्रमाने इन्व्हर्टर सुरू करा. तो निदान ६० सेकंद ग्रिड स्थिर आहे का बघतो, त्या वेळात बटणं दाबत बसू नका. निर्मिती सुरू झाल्यावर मुख्य एसी स्विच पाडा: दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टर थांबला पाहिजे. खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव या दोन सेकंदांवर असतो, म्हणून ही चाचणी मी घरमालकासमोर करतो आणि कशासाठी ते सांगतो.

नेट मीटरवरचे आयात आणि निर्यात दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी फोटोसह ठेवा. ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या घरगुती यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान आहे, आणि ते कमिशनिंगची कागदपत्रं पोर्टलवर चढल्यानंतरच मिळतं, तेव्हा पॅनलचे अनुक्रमांक छतावर चढवण्याआधीच लिहून ठेवलेले बरे. शेवटी एका स्वच्छ दिवशी दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान तिन्ही फेजचं व्होल्टेज इन्व्हर्टरपाशी मोजा आणि तारीख, वेळ, निर्मितीसह अहवालात घाला. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या छतांवर पॅनल वाढले आणि यंत्रणा दुपारी बंद पडू लागली, तर वीज कंपनीशी बोलताना हाच कागद पुढे ठेवावा लागतो.