जीलिबसी अपडेट केली, मग भोक उघडंच कसं? या चुका टाळा

जीलिबसी म्हणजे लिनक्सवरचे बहुतेक प्रोग्राम जिच्यावर चालतात ती मूळ सी लायब्ररी. तिच्यात काही गंभीर सापडलं की तोच खेळ सुरू होतो. पॅकेज अपडेट करायचं, शीटमध्ये हिरवा रंग भरायचा आणि मोकळं व्हायचं. त्यामुळे कुणी "पॅच मारला" म्हणालं की मी आधी एवढंच विचारतो: रीस्टार्ट केलं का? समोरचा बहुतेक वेळा स्क्रीनकडे बघायला लागतो.

जानेवारी २०१५ मध्ये जीलिबसीतली 'घोस्ट' ही त्रुटी जाहीर झाली. गेटहोस्टबायनेम हे फंक्शन होस्टनेम तपासताना बफरच्या, म्हणजे नेमून दिलेल्या मेमरीच्या, बाहेर लिहीत होतं, आणि क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी त्यातून एक्झिम मेल सर्व्हरवर बाहेरून ताबा मिळवून दाखवला होता. आम्ही त्याच रात्री सगळ्या मशिनांवर अपडेट चढवलं. तीन आठवड्यांनी भलत्याच कामासाठी मेल सर्व्हरवर गेलो, सहज म्हणून एक्झिमच्या प्रोसेसची प्रॉकमधली मॅप्स फाइल (प्रोसेसने मेमरीत घेतलेल्या फाइलींची यादी) उघडली, तर लिबसीच्या ओळीपुढे शब्द होता: डिलीटेड. पोटात खड्डा पडला. पॅकेज मॅनेजर जुन्या फाइलचं नाव डिस्कवरून काढतो; पण जी प्रोसेस ती फाइल आधीच मेमरीत घेऊन बसली आहे, तिच्यासाठी जुनीच लायब्ररी चालू राहते. तीन आठवडे आम्ही हिरव्या शीटच्या भरवशावर होतो.

आता माझी सवय अशी: अपडेटनंतर नीडरीस्टार्ट हा काय रीस्टार्ट करायचं ते सांगणारा प्रोग्राम चालवतो, तो नसेल तर सगळ्या मॅप्स फाइलींमध्ये 'डिलीटेड' शब्द ग्रेपने शोधतो. आणि जीलिबसी असेल तर सरळ रीबूट. पहिल्या प्रोसेसपासून सगळेच तिच्यावर उभे असतात, एकेक सर्व्हिस कुठे मोजत बसता? मशीन किती दिवस न थांबता चाललं हा अपटाइम मिरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, रीबूटची वेळ कळवतो.

दुसरी लाडकी चूक: आवृत्तीचा आकडा बघून घाबरणं. घोस्टची दुरुस्ती मूळ जीलिबसीत २.१८ पासून आहे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मात्र २.१७ वरच राहिलं. दुरुस्त्या तिथे बॅकपोर्ट होऊन, म्हणजे जुन्याच आवृत्तीत बसवून, यायच्या आणि पुढचा आकडा तोच राहायचा. त्रुटी शोधणारा स्कॅनर बिचारा आकडा वाचून ओरडतो. पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडा, त्रुटीचा सीव्हीई क्रमांक, म्हणजे सुरक्षा त्रुटींना मिळणारा अधिकृत क्रमांक, शोधा, दोन मिनिटांचं काम आहे.

ते न करता एका नवख्या सहकाऱ्याने इंटरनेटवरचा "सोपा उपाय" उचलला. नवी जीलिबसी स्वतः कंपाइल केली आणि लिबसी.सो.६ ची सिमलिंक (खऱ्या लायब्ररी फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) आधी उडवली, नवी जोडणार होता. जोडणार कशाने? लिंक जोडणाऱ्या एलएन कमांडला स्वतःलाच लिबसी लागते. एलएस गेलं, सीपी गेलं, नवीन लॉगिनही होईना. त्याच्या उघड्या रूट (सर्वाधिकारी युजरच्या) शेलमध्ये सीडी आणि एको तेवढे चालत होते, कारण ते शेलच्या पोटातच असतात. त्याला म्हटलं, टर्मिनल बंद केलंस तर बघ. सुदैवाने मशीनवर एलएनसारखंच लिंक जोडणारं एसएलएन होतं. ते स्टॅटिक असतं, म्हणजे त्याला बाहेरची लायब्ररी लागत नाही, याच प्रसंगासाठी ठेवलेलं. त्याने जुनी लिंक परत जोडली आणि जीव भांड्यात पडला. मी तेव्हापासून स्टॅटिक बिझीबॉक्स (नेहमीच्या कमांडी एकाच फाइलीत) आणि एक जादा रूट सेशन ठेवतो. सिस्टिमची जीलिबसी हाताने बदलायची नाही. घाईत असाल तर मुळीच नाही.

"सीव्हीई नाही, म्हणजे अपडेट नको" म्हणणाऱ्यांनी घोस्टचाच इतिहास बघावा. चूक २००० सालच्या २.२ आवृत्तीपासूनची, मे २०१३ मध्ये ती साधा बग म्हणून दुरुस्तही झाली होती. सुरक्षेचा शिक्का नव्हता म्हणून दीर्घ मुदतीच्या अनेक डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या वितरणांनी) ती घेतलीच नाही.

"त्रुटी लोकल आहे, मशीनवर आधीच असलेल्यालाच वापरता येते, राहू दे" हेही नको. ऑक्टोबर २०२३ मधल्या 'लूनी ट्यूनेबल्स' या जीलिबसीच्याच त्रुटीमध्ये एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलच्या जोरावर साधा युजर रूट होत होता. वेब ॲपमधून शेल मिळवलेला माणूस हाच तुमचा लोकल युजर.

कंटेनरच्या, म्हणजे होस्टवर वेगळ्या डब्यात चालणाऱ्या ॲपच्या, इमेजमध्ये स्वतःची लिबसी असते. होस्ट अपडेट करून तिला काही होत नाही, इमेज नव्याने बांधा. स्टॅटिक बायनरी तर मॅप्समध्ये लिबसी दाखवतच नाहीत. त्यांची यादी मी वेगळ्या फाइलमध्ये हाताने ठेवतो.