ऊन पाण्याच्या कुंडांचा इतिहास कसा शोधावा : वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी

मंदाग्नी डोंगराच्या पायथ्याशी, तानसा नदीच्या काठाने दोन-तीन किलोमीटरांच्या टापूत वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही तीन गावं आहेत. तिन्हीकडे ऊन पाण्याची कुंडं, देवळं, धर्मशाळा आणि आता रिसॉर्टं. या जागेचा इतिहास लिहायला बसणारा बहुतेक जण पहिल्याच पानावर फसतो, कारण तो सगळं एकाच गोष्टीत ओवतो: देवीने राक्षस मारले, त्यांच्या रक्ताचं पाणी झालं, चिमाजी अप्पांनी देऊळ बांधलं, मग लोक आंघोळीला येऊ लागले. वह्या तीन करा: एक पाण्याची, एक देवस्थानाची, एक मुक्कामाच्या सोयीची. तिन्हींची वयं वेगळी आणि पुरावेही वेगळे.

पाण्यापासून सुरुवात करा. मंदाग्नी हा निजलेला ज्वालामुखी असून कुंडं त्याच्या धगीने तापतात, असं सर्रास लिहिलं जातं. ते काढून टाका. इथला काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. त्याची ऊब कधीच विझली. पावसाचं पाणी कातळातल्या भेगांतून खूप खोल उतरतं, पृथ्वीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पालघरच्या कोकणेरपासून दक्षिणेला राजापूरपर्यंत किनारपट्टीला समांतर असे झरे आहेत. वज्रेश्वरीची कुंडं त्या रांगेतली आहेत, एकटी नाहीत.

तापमान स्वतः मोजा. तापाचा थर्मामीटर नेऊ नका, तो 42 अंशांच्या आसपास संपतो. प्रयोगशाळेचा 0 ते 100 अंशांचा, लाल अल्कोहोलचा थर्मामीटर घ्या. पारा असलेला टाळा. फुटला तर कुंडच खराब. बुडबुडे जिथून येतात तिथे टोक दोन मिनिटं धरा आणि पाण्यातच असताना आकडा वाचा. तीन वेळा मोजा, सोबत तारीख, वेळ आणि आदल्या आठवड्यात पाऊस झाला का ते लिहा. कुंडाच्या मधोमध घेतलेला आकडा फसवा असतो, कारण बऱ्याच ठिकाणी अंगाला सोसावं म्हणून थंड पाणी सोडतात. पाणी तपासायला द्यायचं तर पहाटे, गर्दी आणि साबण येण्याआधी भरा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा. जुन्या अहवालातला आकडा आणि तुमचा आकडा जुळला नाही, तर ‘झरा थंड होतोय’ असं लगेच लिहू नका. आधी दोन्ही आकडे झऱ्याच्या एकाच तोंडाचे आहेत का ते बघा.

नदीपात्रातल्या कुंडांना आणखी एक कलाटणी आहे. मुंबईच्या पाण्यासाठी वरच्या अंगाला बांधलेलं तानसा धरण 1892 मध्ये पुरं झालं. त्याआधीचं आणि नंतरचं नदीचं वर्णन एकमेकांशी ताडून पाहू नका. पावसाळ्यात धरण भरून वाहू लागलं की पात्रातली कुंडं बुडतात, तेव्हा मोजमापाची फेरी डिसेंबर ते एप्रिल या काळात ठेवा.

देवस्थानाची वही भरताना तारखांत सर्वाधिक चुका होतात. देवीचं आधीचं ठाणं वाडा तालुक्यातल्या गुंजला होतं, ते पोर्तुगीजांनी मोडलं, अशी परंपरा आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी नवस केला आणि किल्ला हाती आल्यावर वसईचे सुभेदार शंकर केशव फडके यांच्याकरवी देऊळ उभं राहिलं, असं सांगतात. किल्ला पडला मे 1739 मध्ये. पण पुस्तकांत कुठे 5 मे दिसेल, कुठे 16 मे. दोन्ही दिवस एकच! जुन्या ज्युलियन आणि नव्या ग्रेगोरियन पंचांगात तेव्हा 11 दिवसांचं अंतर होतं. पोर्तुगीज नवं वापरत, इंग्रज 1752 पर्यंत जुनं. म्हणून तारखेपुढे पद्धत लिहा.

मोडी कागदांत तर इसवी सन नसतोच. शके असेल तर 78 मिळवा (चैत्रापासून डिसेंबरपर्यंत), जानेवारीपासून फाल्गुनाअखेरपर्यंत 79. ‘तिसा सलासीन मया व अलफ’ असं दिसलं तर तो सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली अरबी अंकनावांची कालगणना: 9, 30, 100, 1000, म्हणजे 1139. हा सन मृग नक्षत्राला, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या सुमारास बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. मे 1739 म्हणजे सुहूर 1139 आणि शके 1661. इथे 599 मिळवले की वर्ष 1738 येतं आणि देऊळ किल्ला पडायच्या आधीच बांधलं जातं. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या, पण सन स्वतः सोडवून ताळा पाहा.

कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरात शोधा. इंग्रजी काळासाठी 1882 चं ठाणे गॅझेटियर हाताशी ठेवा; त्याच्या स्थळवर्णनाच्या खंडात ‘वज्रेश्वरी’ सापडली नाही म्हणून पान मिटू नका, ‘वज्राबाई’ बघा. गावाचं जुनं नाव वडवली, त्याचीही इंग्रजी स्पेलिंगं दोन-चार करून शोधा. आणखी एक गोंधळ सरकारी आहे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. वज्रेश्वरी भिवंडी तालुक्यात, म्हणजे ठाण्यातच राहिली, पण गुंज वाड्यासोबत पालघरला गेलं. एकाच देवीचे कागद मागायला आता दोन कलेक्टर कचेऱ्या.

देवळात पाहण्यासारखं पुष्कळ आहे. नगारखाना, बावन्न पायऱ्या, पायरीवर कोरलेलं कासव, दीपमाळ. पायऱ्या बडोद्याच्या गायकवाडांनी बांधल्या असं सांगतात, म्हणजे पायऱ्यांचा काळ देवळाच्या काळाहून वेगळा धरावा लागेल. शिलालेख दिसला तर त्यावर खडू, पीठ किंवा तेल लावू नका. सकाळचं तिरपं ऊन किंवा बाजूने धरलेली विजेरी पुरते. प्रकाश चारही बाजूंनी बदलून चार फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवा. ऑइलपेंटखाली अक्षरं बुजली असतील तर खरवडू नका. गोधडेबुवा या साधूंची समाधी डोंगरमाथ्यावर आहे, ती वगळू नका.

गणेशपुरीचं पान वेगळं लिहा. भीमेश्वर महादेव आणि तिथली कुंडं जुनी. गावाचं नाव दूरवर गेलं ते इथे राहिलेल्या संत नित्यानंदांमुळे. त्यांचं देहावसान 8 ऑगस्ट 1961 चं. त्यांचे शिष्य स्वामी मुक्तानंद यांचा आश्रम 1956 पासूनचा. मुक्तानंदांचे परदेशी शिष्य येऊ लागल्यावर राहण्याजेवणाच्या सोयी वाढल्या, आणि इथून तुमची तिसरी वही सुरू होते.

मुक्कामाच्या सोयीचा इतिहास सर्वांत ताजा, तरी सर्वांत कमी जपलेला. ‘शंभर वर्षांपूर्वीचं’ हे शब्द पाटीवर असतात, कागदावर क्वचितच. तलाठ्याकडे तीन गोष्टी मागा: गाव नमुना 3, म्हणजे दुमाला (इनाम दिलेल्या) जमिनींची नोंदवही, तिथे देवस्थान इनाम कळेल, गाव नमुना 6, फेरफार, तिथे जमीन कोणाकडून कोणाकडे गेली ते, आणि आजचा सातबारा. बिनशेती परवान्याचा आदेश तहसील कचेरीत असतो. ग्रामपंचायतीचा नमुना 8 मात्र खरा सोन्याचा: घरपट्टी पहिल्यांदा ज्या वर्षी लागली, साधारण त्याच वर्षी इमारत उभी होती. कर उशिरा लागतो, त्यामुळे ‘निदान या वर्षापासून’ असंच लिहा. प्रत देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. अर्जात ‘रिसॉर्टचा इतिहास कळवावा’ असं लिहिलंत तर ‘माहिती उपलब्ध नाही’ हे उत्तर ठरलेलं. सर्व्हे नंबर घाला, वर्षं घाला आणि ‘नमुना 8 मधील संबंधित पानांची साक्षांकित प्रत’ एवढंच मागा.