साध्या होस्टिंगवर स्वतःचा झूम होणारा नकाशा कसा टाकायचा

ऑनलाइन नकाशा टाकायचा म्हटलं की बरेच जण लगेच वेगळा सर्व्हर, डेटाबेस, एपीआय की असलं सगळं शोधायला लागतात. पण तुमच्याकडे स्कॅन केलेला जुना नकाशा असेल, ड्रोनचा ऑर्थोफोटो (वरून काढलेला, नकाशासारखा सरळ केलेला फोटो) असेल किंवा क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मेहनतीने सजवलेला नकाशा असेल आणि तो रोज बदलणार नसेल, तर यातलं काहीच लागत नाही. झूम होणारा नकाशा टाइल्सचा बनतो, टाइल्स म्हणजे फोल्डरमध्ये ठेवलेली छोटी चित्रं, सहसा २५६ बाय २५६ पिक्सेलची, आणि मागितलेली फाइल द्यायची एवढं तर सगळ्यात साधं होस्टिंगही करतं. खरं काम आधी आपल्या कॉम्प्युटरवर होतं.

स्कॅन असेल तर पहिल्यांदा क्यूजीआयएसच्या जिओरेफरन्सरमध्ये त्याला जागेवर, म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर, बसवा. नदीचा संगम, रस्त्यांचे चौक असे आजही सापडणारे बिंदू घ्या आणि ते सगळ्या नकाशावर पसरलेले असू देत, कारण एकाच कोपऱ्यात ढीगभर बिंदू दिले तर तो कोपरा मस्त बसतो आणि बाकीचा नकाशा सरकतो. यातून जिओटिफ, म्हणजे जागेची माहिती सोबत असलेली चित्राची फाइल, मिळेल.

आता टाइल्स कापायच्या. जीडाल हे नकाशांच्या फाइल्स हाताळणारं मोफत सॉफ्टवेअर इन्स्टॉल केलं की त्याच्यासोबत जीडाल-टू-टाइल्स नावाची स्क्रिप्ट येते, तिला जिओटिफ, झूमची रेंज आणि आउटपुट फोल्डर द्यायचं, ऑनलाइन नकाशांना लागणाऱ्या वेब मर्केटर प्रोजेक्शनमध्ये (कोड ईपीएसजी ३८५७) ती फाइल स्वतःच बदलून घेते. फाइल पॅलेटवाली, म्हणजे रंगांच्या ठरावीक यादीवर चालणारी, असेल तर आधी जीडालच्याच जीडाल-ट्रान्सलेटने आरजीबीए, म्हणजे दर पिक्सेलला स्वतःचा रंग असलेली, करून घ्या. रिसॅम्पलिंगकडेही, म्हणजे चित्र लहान-मोठं होताना नवे पिक्सेल कसे ठरतात त्याकडेही, लक्ष द्या, फोटो आणि स्कॅनला अ‍ॅव्हरेज चांगलं दिसतं पण जमीनवापरासारख्या ठरावीक रंगांच्या नकाशाला निअर हवं, नाहीतर लिजंडमध्ये (रंगसूचीत) नसलेलेच रंग तयार होतात. कमांड लाइन नको असेल तर क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये एक्सवायझेड टाइल्स बनवायचं टूल आहे.

सगळ्यात जास्त विचार झूमचा करा, घाई इथेच महागात पडते. झूमच्या पायऱ्यांना आकडे असतात, आकडा मोठा तितकं जवळून दिसतं, आणि दर पायरीला टाइल्स चौपट होतात. विषुववृत्ताजवळचा १०० बाय १०० किलोमीटरचा भाग घेतला तर झूम १६ ला साधारण २७ हजार टाइल्स लागतात आणि झूम १८ ला सव्वाचार लाखांच्या वर! शेअर्ड होस्टिंगवर जागा शिल्लक असते पण फाइल्सच्या संख्येची मर्यादा, ज्याला आयनोड लिमिट म्हणतात, ती आधी संपते. एकूण टाइल्सपैकी जवळपास पाऊण भाग एकट्या शेवटच्या झूमचा असतो, म्हणून तो खरंच हवाय का हे मूळ चित्राकडे बघून ठरवा. विषुववृत्तावर झूम १५ चा एक पिक्सेल साधारण ४.८ मीटरचा, झूम १७ चा १.२ मीटरचा. चित्रातच ५ मीटरचा तपशील असेल तर १७ पर्यंत जाऊन नुसत्या फाइल्स वाढतात. पानावर नकाशा दाखवणाऱ्या लीफलेट या जावास्क्रिप्ट लायब्ररीत मॅक्स-नेटिव्ह-झूम हा ऑप्शन दिला की शेवटच्या खऱ्या टाइल्स ताणून पुढचे झूम दाखवता येतात, माझ्या मते हा ऑप्शन सगळ्यांनी वापरावा.

मग एक साधं एचटीएमएल पान, त्यात लीफलेटची जावास्क्रिप्ट आणि सीएसएस, टाइल्स दाखवणारा एक टाइललेयर, आणि टाइल्सच्या पत्त्यात झेड (झूम), एक्स (आडवा क्रमांक), वाय (उभा क्रमांक) महिरपी कंसात. नकाशाच्या मर्यादा बाउंड्समध्ये जरूर द्या, नाहीतर ब्राउझर नसलेल्या टाइल्स मागत बसतो. आणि तुकडे आले पण नकाशा उभ्या दिशेने उलटसुलट लागलाय किंवा रिकामाच दिसतोय असं झालं तर समजा वायची दिशा चुकली. जीडाल-टू-टाइल्स मुळात टीएमएस पद्धतीने खालून वर मोजते, लीफलेट वरून खाली. टाइल्स कापताना एक्सवायझेडचा ऑप्शन द्या, जीडाल ३.१ पासून तो आहे, किंवा लीफलेटमध्ये टीएमएस ट्रू करा. दोन्ही एकदम नको.

अपलोडला एफटीपीने एकेक फाइल पाठवू नका, जीव जातो. झिप करून चढवा आणि होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये उघडा, एसएसएच (कमांड लाइनने सर्व्हरवर जायची सोय) असेल तर आरसिंक हे फाइल्स पाठवायचं टूल उत्तम.

फाइल्स फारच होत असतील तर पीएमटाइल्स हा फाइलचा प्रकार बघा. सगळ्या टाइल्स एकाच फाइलमध्ये असतात आणि ब्राउझर रेंज रिक्वेस्टने हवा तेवढाच तुकडा उचलतो, त्यामुळे होस्टिंग रेंज रिक्वेस्टला नीट उत्तर देतं ना हे आधी तपासा. पायथनचा साधा एचटीटीपी सर्व्हर ते करत नाही, म्हणून घरच्या टेस्टला नकाशा कोरा दिसला तर फाइलला दोष देऊ नका.

खाली बेस मॅप म्हणून ओपनस्ट्रीटमॅप ठेवलात तर कोपऱ्यात त्यांचं श्रेय दिसलंच पाहिजे, आणि त्यांच्या सर्व्हरवरून टाइल्स घाऊक डाउनलोड करून आपल्याकडे साठवू नका, त्याला मनाई आहे. तो सर्व्हर देणग्यांवर चालतो, सगळ्यांनी जपून वापरला तरच टिकेल.

पुढे नकाशा सुधारलात तर नव्या टाइल्स जुन्यांवर टाकण्यापेक्षा नव्या नावाच्या फोल्डरमध्ये टाका आणि पानातला पत्ता बदला. नाहीतर आधी येऊन गेलेल्यांच्या ब्राउझरमध्ये जुने तुकडे कॅशमध्ये राहतात आणि त्यांना अर्धा नवा अर्धा जुना नकाशा दिसतो.