तीनदाच येणारा हिब्रू शब्द कसा अभ्यासावा : ‘देमामा’

बायबलमधल्या एखाद्या दुर्मीळ हिब्रू शब्दावर मनन लिहायचं किंवा प्रवचन करायचं ठरवलं असेल, तर पहिला शब्द ‘देमामा’ घ्या. ढोबळ अर्थ शांतता; हिब्रू अक्षरं दलेत, मेम, मेम, हे. संपूर्ण हिब्रू बायबलात तो फक्त ३ ठिकाणी येतो: १ राजे १९:१२, ईयोब ४:१६ आणि स्तोत्र १०७:२९. तिन्ही वचनं एका बैठकीत वाचून होतात, आणि नवख्याचा पाय जिथे जिथे घसरतो त्या बहुतेक जागा त्यात भेटतात.

शोधताना स्ट्राँगचा क्रमांक १८२७ वापरा (स्ट्राँगच्या सूचीत बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला असा क्रमांक आहे). नुसती अक्षरं टाकून ‘पूर्ण शब्द’ शोधलात तर स्तोत्रातलं वचन हाती लागत नाही, कारण तिथे शब्दाच्या आधी लामेद हे अक्षर चिकटून ‘लिद्मामा’ झालं आहे. क्रमांकाचा उपयोग मात्र शोधण्यापुरताच. त्याखाली दिलेल्या इंग्रजी शब्दांपैकी बरेच किंग जेम्स भाषांतरात तो शब्द कसा कसा उतरला याची नोंद असते. त्यातला आवडेल तो उचलायचा आणि ‘मूळ हिब्रूत असं आहे’ म्हणून सांगायचं, हे चालणार नाही.

आता खरा सापळा. तो आहे धातूचा. ‘देमामा’ ज्याच्याशी जोडतात तो ‘दामम’, म्हणजे गप्प होणं, थांबणं. मुलगे गेल्यावर अहरोन गप्प राहतो (लेवीय १०:३) आणि यहोशवा सूर्याला थांबायला सांगतो (यहोशवा १०:१२), दोन्हीकडे हाच धातू. इथवर ठीक. पण अक्कादीत, म्हणजे प्राचीन मेसोपोटेमियातल्या, हिब्रूच्या नात्यातल्या भाषेत, ‘दमामु’ म्हणजे कण्हणं, विलाप करणं. त्यावरून काही अभ्यासक हिब्रूतही दुसरा, वेगळा ‘दामम’ मानतात, आणि मग १ राजे १९ मधल्या एलीया संदेष्ट्याच्या गोष्टीतला आवाज ‘शांत’ऐवजी ‘घोंगावणारा’ ठरू शकतो. सीरियातल्या प्राचीन उगारित शहराच्या उगारिती भाषेतही रडण्यासाठी याच अक्षरांचा धातू आहे. उगारितचं उत्खनन १९२९ मध्ये सुरू झालं; नेटवर फुकट मिळणारा ब्राउन-ड्रायव्हर-ब्रिग्जचा हिब्रू कोश १९०६ चा, त्यात हा पुरावा असणं शक्यच नाही. तो कोश जरूर वापरा, पण शेवटचा शब्द त्याचा मानू नका.

शेजारी आणखी सारखे दिसणारे शब्द आहेत: ‘दाम’ म्हणजे रक्त, ‘दामा’ म्हणजे सारखं असणं, ‘दोमेन’ म्हणजे शेणखत. यांची सरमिसळ करून कुठलाही ‘गूढार्थ’ काढता येतो, आणि लोक काढतात. मराठी वाचकाला वेगळा मोह असतो: आपल्या ‘शम-दम’मधला ‘दम’. तो संस्कृत ‘दम्’ धातूपासून आला, त्याचा हिब्रूशी काही संबंध नाही. उच्चार जुळला म्हणजे नातं जुळलं असं सांगणारा गुरू कितीही भक्तिमान असो, शब्दाच्या बाबतीत त्याचं ऐकू नका.

मग अर्थ ठरवायचा कसा? सर्वांत स्पष्ट वचनापासून अवघड वचनाकडे जायचं. स्तोत्र १०७:२९ आधी घ्या. तिथे वादळाची ‘देमामा’ होते आणि जोडओळीत लाटा गप्प होतात. समांतर ओळ हा हिब्रू कवितेतला सर्वांत भरवशाचा साक्षीदार. मग ईयोब ४:१६. ईयोबाचा मित्र अलीफज याच्या चेहऱ्यावरून वारा सरकतो, अंगावर काटा येतो, समोर आकृती उभी राहते, आणि तो ‘देमामा आणि आवाज’ ऐकतो. शांतता, मग आवाज? की दबका आवाज? व्याकरण दोन्हीला वाव देतं. टिपणात दोन्ही लिहा. सप्ततीने, म्हणजे हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने, तिन्ही ठिकाणी ‘आउरा’, म्हणजे झुळूक, असा एकच शब्द वापरला आहे. पडताळताना हे स्तोत्र तिथे १०६ क्रमांकावर आहे हे विसरू नका.

शेवटी १ राजे १९. एलीया डोंगरावरच्या गुहेत आहे; वारा, भूकंप आणि अग्नी येऊन जातात आणि मग ऐकू येतो ‘कोल देमामा दक्का’. ‘कोल’ म्हणजे आवाज. सीनायवर मोशेच्या वेळच्या मेघगर्जनांनाही हाच शब्द. ‘दक्का’ म्हणजे बारीक: मान्ना (रानात इस्राएलांना मिळालेलं अन्न, निर्गम १६:१४) आणि कुटलेला धूप (लेवीय १६:१२) यांच्यासाठी तेच विशेषण. म्हणजे शांततेचा बारीक आवाज. ही विसंगती भाषांतरात गुळगुळीत करून टाकू नका, अर्थ तिच्यातच आहे.

वारा, भूकंप, अग्नी या तिघांबद्दल मजकूर म्हणतो, परमेश्वर त्यात नव्हता. ‘देमामा’त तो होता असं मात्र मजकूर कुठेही म्हणत नाही. एलीया फक्त ऐकतो, अंगरख्याने तोंड झाकतो आणि गुहेच्या तोंडाशी येतो. मग ९व्या वचनातलाच प्रश्न १३व्यात पुन्हा येतो, आणि एलीया १०व्यातलंच उत्तर १४व्यात जवळजवळ शब्दशः देतो. त्याच्या मनाचं समाधान झाल्याची खूण नाही. नंतर मिळते ती आज्ञा: हजाएल, येहू आणि अलीशा यांचा अभिषेक कर. ‘देव आपल्या अंतर्मनात कुजबुजतो’ हे लोकप्रिय मनन या अध्यायावर टिकत नाही. इथली शांतता माणसाला तोंड झाकायला लावते आणि परत कामावर धाडते. कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांच्या मलिदा विधीत आठवला जाणारा वरदाता एलियाहू (हाच एलीया) आपल्याला जवळचा वाटतो. या गुहेतला माणूस थकलेला, मरण मागून आलेला आहे.

आध्यात्मिक अर्थ काढूच नये, असं मात्र नाही. परंपरेने तो फार सुंदर काढला आहे. तार्गुमात, म्हणजे बायबलच्या जुन्या अरामी भाषांतरात, हा आवाज हळू स्वरात स्तुती करणाऱ्यांचा होतो. मृत समुद्राजवळच्या कुमरानात सापडलेल्या शब्बाथ गीतांत करूब या स्वर्गीय जीवांच्या स्तुतीला ‘देमामा’ची जोड आहे. ‘उनेतने तोकेफ’ या यहुदी प्रार्थनेत मोठा शोफार, म्हणजे शिंग, वाजतो आणि त्याच्यापाठोपाठ कोल देमामा दक्का ऐकू येतो. फक्त वहीत दोन रकाने ठेवा: वचन काय म्हणतं, आणि परंपरेने काय ऐकलं. हिब्रू कच्चं असलं तरी एवढं जमतं. तीनच वचनं आहेत, घाबरू नका.

हे जमलं की पुढचा शब्द ‘दुमिय्या’, तोही शांततेचाच. तो स्तोत्रांत ४ ठिकाणी आहे: मराठीत २२:२, ३९:२, ६२:१ आणि ६५:१. हिब्रूत शीर्षकही मोजतात, म्हणून प्रत्येक वचन एकाने पुढे जातं. ६५व्याला जास्त वेळ द्या: हिब्रू मजकुरात ‘तुझ्यासाठी शांतता हीच स्तुती’ असं वाचता येतं, तर सप्ततीने तिथे ‘स्तुती तुला शोभते’ असं वाचलं आहे.